घरटी एक लादी

जोआलच्या धक्क्यामागे बर्फाचा कारखाना आहे,
पत्र्याचा, निळा रंग खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला.
त्याची घरघर आम्हाला ऐकू येत नाही.
बंद पडली तर मात्र
अख्खं गाव झोपेतून उठून बसतं.

यांदे ज्युफ बाईंनी तो काढला तीस वर्षांपूर्वी,
नवऱ्याच्या दोन होड्या विकून.
नवरा म्हणाला होता, पाणी विकणार तू?
तेही वितळणारं?
आता तोच गल्ल्यावर बसतो
आणि सुट्या पैशांवरून गिऱ्हाइकांवर खेकसतो.

तिसावं वर्ष. लोकांना वाटलं मांडव पडेल,
ढोल घुमतील, डकारहून कोणी टायवाला येईल.
बाईंनी पहाटे चारला फक्त दार उघडलं
आणि पाटीवर खडूने लिहिलं:
आज घरटी एक लादी. पैसे नकोत.
खाली बारीक अक्षरात:
गोणपाट आपापलं आणा.

मी बिराम, घोडागाडीवाला.
त्या दिवशी सतरा खेपा झाल्या.
पहिल्या खेपेला मनात म्हटलं, ही काय भेट?
साठवता येत नाही, मिरवता येत नाही,
शेजाऱ्याला दाखवायला बोलवावं
तर तो चप्पल घालेपर्यंत अर्धी.

पण म्हातारी कोदू दारात बसली
लादीवर गोणपाट, गोणपाटावर पाय ठेवून.
ऐंशी वर्षं गरम वाळू तुडवलेले पाय.
मी सलाम केला तर म्हणाली,
आज मला कुणी उठवायचं नाही.
शाळेच्या मास्तरणीने अंबाडीच्या बोंडांचं सरबत केलं,
पोरांच्या जिभा संध्याकाळपर्यंत लाल.
तारल्या निवडणाऱ्या बायकांनी
एकमेकींच्या पाठीत खडे टाकले
आणि किंचाळून हसल्या, पन्नाशीच्या बायका.
सार भावांची पंचाईत झाली.
घराच्या मधे भिंत घातलेली, पण घर एकच, म्हणून लादी एक.
करवत कुणी आणायची यावर तासभर भांडले.
शेवटी जे उरलं
ते एकाच पातेल्यात मावलं.

कारखान्याचा अजून एक नियम आहे,
कुठल्याच पाटीवर नसलेला:
मयताला बर्फ फुकट.
परगावचा लेक पोहोचेपर्यंत
बाप थांबवून धरायचा असतो.
किती घरी तो मीच पोचवलाय.

वाली न्गोमच्या घरी कधी नाही.
त्याचा थोरला, लातिर,
माणसांनी ठासलेल्या होडीतून उत्तरेला निघाला,
स्पेनच्या बेटांकडे. चार वर्षं झाली.
फोन नाही, कागद नाही, मयत नाही.
बर्फ ठेवायचा कशाभोवती?

दुपार कलल्यावर वाली दाराशी आला.
गोणपाट आणलं नव्हतं.
काही मागितलंही नाही, उभा राहिला नुसता.
बाई खुर्चीतून सहसा उठत नाहीत. उठल्या.
आतून लादी आली, गुंडाळलेली,
चारी कडा शाबूत.
सकाळीच बाजूला काढली असणार.
नवऱ्याने वही मिटली.
माझ्या गाडीवर ती चढवताना
रांगेतलं कुणी बोललं नाही,
सार भावसुद्धा.

कुठे, मी विचारलं.
वालीने हनुवटीने समुद्र दाखवला.

घोडा लाटेला बुजतो, तरी गुडघाभर पाण्यात आला.
आम्ही दोघांनी गोणपाट सोडलं.
मला वाटलं, बुडेल.
बुडाली नाही.
वरखाली होत राहिली, उन्हं धरून,
जरा दूर, मग आणखी दूर,
मग कुठली लादी आणि कुठलं पाणी.
वाली तळवे बघत म्हणाला,
गार होती.
मग गोणपाट पिळून, नीट घडी घालून
माझ्या हातात दिलं. बाईंचं आहे, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटी पुसलेली.
भाव परवाचाच.
नवरा सुट्यावरून माझ्यावर खेकसला,
मीही उलटून बोललो.
बाहेर घोडा अजून जुंपला नव्हता.
गाडीच्या ओल्या फळ्या चाटत उभा होता,
मिठासाठी.