पायाखाली गार लागले

मालेगाव स्टँडच्या उतारावर माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार कार्ड, सातबारा, हॉल तिकीट,
कधी मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती –
आई गेली की माणूस दहाच मागतो, का कोण जाणे.

आषाढ सरता सरता दामोदर गायधनी आले,
रिक्षातून चौदा वह्या उतरवल्या,
लाल खारव्यात बांधलेल्या, लांबट, दोरीनं शिवलेल्या.
"कसर लागलीय," म्हणाले. "मी आहे तोवर स्कॅन करून टाक."

पहिल्या वह्या मोडीत. मला मोडी येत नाही.
नुसती पानं उलटायची, काच पुसायची.
मग बाळबोध आली, बॉलपेन आलं,
आणि मला माणसं वाचता येऊ लागली :
कोण कुठून आला, कुणाच्या अस्थी घेऊन आला,
मुलगे नावानिशी,
मुली एका ओळीत – "व कन्या तीन".

रात्री शटर अर्धं ओढलं की रोहिदास पिंगळे यायचा,
तक्ते छापायला. तो पाणी मोजतो. पगार नाही.
पंचवटीतल्या एकोणतीस विहिरी,
दर अमावस्येला दोर सोडायचा,
किती कोरडा, किती ओला, लिहायचं. नऊ वर्षं.
मी म्हटलं, तिकडे ध्रुवावरचा बर्फ वितळतोय
आणि तू इथे दोर भिजवत बसतोस?
म्हणाला, "प्रिंट जरा गडद काढ, ताई."

पूर सांगायला आमच्याकडे दुतोंड्या मारुती आहे.
गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी,
छातीला लागलं की सराफ बाजार माल माडीवर चढवतो.
अख्खं गाव मारुतीच्या अंगावरून नदी वाचतं.
पण पाणी नसल्याचं मोजायला
कुणी देव उभा केलेला नाही.
तिथे रोहिदास.

सुनावणीत त्याला विचारलं,
काँक्रीटखाली झरा होता, कशावरून?
नकाशा? नाही. फोटो? नाही.
म्हातारे सांगतात.
"म्हातारे काय, काहीही सांगतात," साहेब म्हणाले.
तेवढ्यात चहा आला.

अकरावी वही. पान एकशे बहात्तर.
*शके १८७४, वैशाख. यशवंत खंडोजी आवटे,
वडिलांच्या अस्थी घेऊन आलो.
पूर्वेच्या पायरीपासून चार हात आत उतरलो.
ऊन फार, परंतु पायाखाली गार लागले.
खालून पाणी वर येत होते.
वडिलांस बरे वाटले असेल.*

स्कॅनरचा दिवा पुढे सरकला. मी तिथेच राहिले.
हा काही साक्ष द्यायला आला नव्हता.
याला झरा वाचवायचा नव्हता, जग तर नाहीच नाही.
उपाध्यांनी वही पुढे केली असेल,
आणि ओल्या धोतरानिशी
यानं पायाला कळलं तेवढं लिहिलं.

तीन प्रती काढल्या, एक रंगीत. पैसे घेतले नाहीत.
रोहिदासनं टेप काढला आणि अडला :
चार हात म्हणजे कुणाचे?
गायधनी म्हणाले, आवटे उंच होते, माझ्या वडिलांच्या आठवणीत.
आम्ही हसलो. तेही मग त्यानं लिहून घेतलं,
कंसात : उंच, ऐकीव.

निकाल नाही अजून. पुढची तारीख आहे.
चाचणीसाठी भोक पाडायची परवानगी मिळाली,
सहा इंच व्यासाचं. बघू.

परवा गायधनींनी चौदावी वही उघडली,
शेवटची काही पानं कोरी होती. "तू पण लिही."
मी काय लिहू, कुणाच्या अस्थी नाहीत, काही नाही.
मग चपला काढून घाटावर गेले,
पूर्वेची पायरी, चार हात.

*शके १९४६, वैशाख, दुपारी दोन.*
माझं नाव, आईचं नाव,
दोघी बहिणींची नावं, पूर्ण.
*आवटे म्हणतात त्या जागी उभी राहिले.
पाणी नाही. काँक्रीट आहे.
पायाखाली भाजले.*