उजव्याची रजा

रात्री तीनला अंगठा उठवतो.
आधी मुंग्या, मग जडपणा,
मग हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा
उशीवर पडून राहतो.
थर्मामीटर झटकावा तसा मी तो झटकते.
गंगापूर रोडवरून द्राक्षांचे क्रेट घेऊन एक ट्रक जातो,
खिडकीच्या काचा थरथरतात,
मनगटातही काहीतरी.

अकरा वर्षं मी नोंदी चढवते.
शाई उडालेल्या वह्यांतून
गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, आकार,
कुणाची विहीर, कुणाचे चार आंबे,
कोण मयत, कोण वारस.
अख्खा दिंडोरी तालुका या बोटांखालून गेला.
माझ्या नावावर गुंठाभरही नाही.
ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

दिवसाला दोनशे, असं साहेब म्हणाले होते.
मी दोनशे चाळीस करायची.
कुणी सांगितलं होतं?

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टर हेमांगी वडनेरे
माझी मनगटं दुमडून घड्याळ बघत बसल्या.
मिनिट भरायच्या आतच मी "आई गं" म्हटलं.
"हं," त्या म्हणाल्या, आणि लिहू लागल्या
पेनानं, सरसर.
मला त्यांच्या हाताचा हेवा वाटला.

पट्टा. कोमट पाणी.
दर वीस मिनिटांनी हात मांडीवर.
शक्य असेल तर रजा.

रजेचा अर्ज टाइप करूनच द्यावा लागतो.

मग डाव्याला जुंपला.
बेचाळीस वर्षं नुसता धरायच्या कामाचा:
परात धर, पदर धर, बसची दांडी धर.
माऊस हाती आला तसा
पडद्यावरचा बाण भटकायला लागला,
रामकुंडावर चुकामूक झालेल्या यात्रेकरूसारखा.
भाकरी थापली, तिचा नकाशा झाला.
सानिका म्हणाली, "आई, हा कुठला गट नंबर?"
हसले. खरंच हसले.
मग परातीकडे पाठ करून
थोडा वेळ उभी राहिले.

पिंगळेंनी बोलून टायपायचं शिकवलं.
मी म्हटलं "सातबारा", पडद्यावर "सात वारा".
मी म्हटलं "वहिवाट", तर "वहिनी वाट".
"पोटखराबा" मी जरा मोठ्यानं म्हटलं,
यंत्रानं लिहिलं "पोट खराब",
आणि सगळ्या टेबलांनी मान वर केली.

संध्याकाळी तांबट लेनमधून येते, जवळ पडतं म्हणून.
पद्माकरकाका घंगाळाच्या बुडाला मठार घालत होते.
पट्टा बघून म्हणाले, "कशानं?"
"टायपून."
"ठोकून?" त्यांना कमी ऐकू येतं.
"हो," मी म्हटलं, "ठोकूनच."

त्यांनी बाही वर केली.
कोपरावर सुपारीएवढी गाठ, जुनी, गुळगुळीत.
"तिशीत मीही मारायचो.
हातोडा मारायचा नसतो, बाई, सोडायचा असतो.
तांबं त्याला परत देतं.
तू परत येऊच देत नाहीस."

हातोडा दिला. डाव्यात.
एक ठोका: ठण्ण.
ओळ सोडून, वाकडा, भलत्याच जागी.
मी ओशाळले.
"राहू दे तो," काका म्हणाले,
"पाणी तापायला अडत नाही."

आता दिवसाला एकशे दहा होतात.
साहेब आकडा बघतात, मग पट्ट्याकडे,
मग पंख्याकडे.
रात्री तीन अजून वाजतातच,
कधी चारही.
मी कळ हलकी दाबायला शिकते आहे,
बोट परत येऊ द्यायला शिकते आहे,
या वयात, जणू अ आ इ.

अलार्म वाजतो.
कुणा बोरस्तेंचं "बोर" झालंय, "स्ते" राहिलंय.
हात मांडीवर घेते.
एकोणीसशे सदतीसपासून वहीत थांबलेला माणूस,
आणखी दोन मिनिटं थांबेल.