पाण्याचा आवाज

गुदैबियात, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
तीन महिन्यांची इंटर्नशिप. बिनपगारी.
"गल्फला जाऊन बिनपगारी?" आत्या फोनवर विचारते.
तिच्या हिशेबात हे बसत नाही.
माझ्याही नाही, पण तिला तसं सांगत नाही.

काम असं: हेल्पलाइनची रेकॉर्डिंग ऐकायची,
शब्दाला शब्द उतरवायचा,
मग वाक्यावाक्याला आकडा द्यायचा.
चार म्हणजे मारहाण. सात म्हणजे पासपोर्ट काढून घेणं.
नऊ म्हणजे उपाशी ठेवणं, नऊ-अ म्हणजे शिळं.
बेरीज जिनिव्हाला जाते.
नोव्हेंबरात तिथं नारिंगी फिती लावलेली माणसं ती वाचतील.
वाचावी. मी टिंगल करत नाही.
बेरीज लागतेच.

म-सतरा. चौतीस मिनिटं. मराठी,
म्हणून माझ्या टेबलावर.
पहिली अकरा मिनिटं नुसतं पाणी.
मशीननं लिहिलं होतं: अस्पष्ट, अस्पष्ट, अस्पष्ट.
मग फिलोमिनाताईंचा आवाज,
वसईचा, निवृत्त नर्सचा, कसलीच घाई नसलेला:
"नळ बंद कर बाय, ऐकू येत नाय."
आणि पाण्याच्या मागून ती:
"बंद केला तर त्यांना ऐकू येईल."

आठव्यांदा ऐकताना मला पाणी वाचता यायला लागलं.
बादली भरत आली की सूर चढतो,
काठाशी येतो, आणि ती ओतून देते,
पुन्हा तळापासून.
एका बादलीत तिची तीन वाक्यं बसतात.
चौथं बहुतेक सांडतं.

"गारचा सोडलाय तर चटके बसतायत.
इथं सगळं उलटं हो ताई."
उलटंच. जुलैत गच्चीवरच्या टाक्या उकळतात,
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि गार पाणी गरमच्या नळातून घ्यायचं.
मलाही पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं नव्हतं.
"एजंट म्हणालेला, घरच्यासारखी ठेवतील."
इथं ती हसली.
हसण्याला आकडा नाही.

"दात पडला तेव्हा दाखवलं का कुणाला?"
"नाही. अंगावर काढलं."
रीमनं विचारलं, म्हणजे काय?
मी म्हटलं, दुखणं, औषध न घेता, कुणाला न सांगता
शरीराकडूनच फेडून घ्यायचं.
म्हणजे अंगावरून काढून टाकायचं? तिनं विचारलं.
नाही, मी म्हटलं. अंगावरच राहतं ते.
मग काढलं काय?
मी 'इतर'च्या रकान्यावर बोट ठेवलं.
तिनं बराच वेळ पेन्सिलीचं टोक पाहिलं.
"शब्द तसाच ठेव," म्हणाली. "तळटीप दे."

एकविसाव्या मिनिटाला ती स्वतःचं नाव सांगते.
कुणी विचारलेलं नसताना.
नाव, माहेरचं आडनाव, मंडणगडाकडचं गाव,
गावातली वाडी. जणू पत्र घरी पोचायचंय.
त्या घरात तिला मरियम म्हणतात,
आधीच्या बाईचं नाव, पोरांना सवय होती म्हणून.

नियम आहे: ओळख पुसायची.
चांगला नियम आहे, तिच्याच जिवासाठी आहे.
मी ती चार सेकंदं निळी केली
आणि बटण दाबलं.
फाइल जरा हलकी झाली.
खाली लाँड्रीत इस्त्रीची वाफ सुटली, सुस्स.

आता लिहून काढलेल्या पानावर शेवटी असं आहे:

फिलोमिना: परत कधी करशील फोन?
म-१७: (पाण्याचा आवाज)
फिलोमिना: बाय?
म-१७: ठेवते. फार वाहिलं आज.
पाण्याचं बिल त्यांच्याकडं येतं.