उजवीकडचा आवाज

सकाळी सातला मी बेकरीतून परतते,
भुवयांत काळ्या पावाचं पीठ,
तेव्हा आऊलिस कामाला बसतो,
पलंगापासून हातभर अंतरावर.
कोत्का गावात आमची एकच खोली,
तीत आम्ही दोघं, आणि एक पत्र्याचा पेटारा
ज्याच्या पोटात चार पंखे दिवसभर
कुणाशी तरी भांडत असतात.

तक्रार केली नव्हती मी, शपथेवर सांगते.
कानात मेण घालून झोपायचे.
एकदाच म्हणाले,
बर्फ फोडणारी बोट बंदरात ठेवतात ना,
ती आपल्या टेबलाखाली कशी?
तेवढं पुरलं त्याला.

आणि टेबलाखाली तरी कुठे होती?
आडव्या फळीला चार बोटं नडायची,
म्हणून वर्षभर वाटेतच उभी.
माझ्या करंगळीला तिचा कोपरा पाठ.

आधी त्याने पेटाऱ्याचे पाय कापले.
मग वरची मूठ.
आतला डिस्कचा पिंजरा रिव्हेटा फोडून काढला,
कारण नवं कार्ड अंगठाभर लांब.
मागची जाळी हवेला अडवून शिट्टी घालते म्हणे,
ती करवतीने गोल कापली,
कडा घासल्या, बोट फिरवून पाहिलं,
बोट कापलं, पुन्हा घासल्या.
शांतता बनवायला नऊ दिवस गोंगाट.
खालच्या हेल्लेवीबाई चमच्याने हीटरचा पाइप वाजवायच्या,
मी उशीखाली डोकं घालून हसायचे,
दोनदा रडलेसुद्धा.

पंख्यांच्या स्क्रूंना सायकलच्या ट्यूबच्या चकत्या.
डिस्क टांगली पाळण्यासारखी,
माझ्या पोहायच्या जुन्या पोशाखातलं इलॅस्टिक ओढून.
विचारलं होतं त्याने, पण कापल्यावर.

आणि शेवटी माळ्यावरून
वडिलांचे नमद्याचे बूट काढले.
गोदीवर वीस हिवाळे उभे होते ते त्यांत.
उभे चिरले, इस्त्रीने सपाट केले,
डावा डाव्या पत्र्याला चिकटवला,
उजवा उजव्याला.
दोन दिवस खोलीला डांबराचा आणि ओल्या मेंढीचा वास.

मग बटण दाबलं.
मी म्हटलं, चालू तर कर.
तो म्हणाला, चालू आहे.
हात लावून पाहिला: कोमट,
झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखा.
फळीखाली असा सरकला की
वर एक पोस्टकार्ड तेवढं मावेल.

त्या सकाळी मी कानात मेण घातलं नाही.
आडवी झाले आणि ऐकू आलं सगळं.
कॉफीचा घोट त्याच्या घशातून उतरताना.
दाढीवरून फिरणारं नख.
खुर्चीचं कण्हणं.
फक्त कीबोर्ड ऐकू येईना.
आठ वाजले. नऊ वाजले.
साडेनऊला एकदा टक्, आणि पुन्हा एकदा,
बहुधा लिहिलेलं पुसलं.
डोळे किलकिले करून पाहिलं:
पडद्यावर कोरी चौकट, तो समोर बसून,
ऑफिसात निघताना घालतात तसा शर्ट घालून.

किती दिवस हे?
पंख्यांची घरघर म्हणजे त्याचं काम,
असं मी धरून चालले होते.
घरघर चालू, म्हणजे काम चालू.
नोव्हेंबरपासून कुणाचा फोन आल्याचं आठवेना.
नऊ दिवस भरदिवसा करवत चालवायला
सवड कुठून मिळते माणसाला,
तेही तेव्हा सुचलं नाही.

भिंतीकडे तोंड केलं.
विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं,
आणि मग मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

आऊलिस, मी म्हटलं, झोपेतल्यासारखं,
उजवीकडून अजून वाजतंय काहीतरी.

उजवीकडून? त्याची खुर्ची झटकन मागे सरली.
बारीक किर्रर्र, मी म्हटलं. पुढचा पंखा असेल.
असेल, असेल, तो म्हणाला,
मला वाटलंच होतं,
आणि गुडघ्यांवर बसला.
मग स्क्रू-ड्रायव्हर,
मग वाटीत एकेक पडणारे स्क्रू,
मग ओठातल्या ओठात त्याचं ते मोजणं,
नाट, टणक, बुटाचा उजवा तुकडा उचकटल्याचा चर्र.

त्या खुडबुडीत मला गाढ झोप लागली.