जाडी

तौनो पहाटे समुद्रावर जातो.
ड्रिलने भोक पाडतो, पट्टी आत सोडतो
आणि फोनवर कचेरीला आकडा कळवतो :
एकोणीस सेंटिमीटर.
बर्फावरून रस्ता काढायचा तर चाळीस तरी लागतात.
तोवर आमच्या बेटाला फेरीबोटच.
फेरीबोटीत गाडीच्या काचा वर करून मी,
मांडीवर निळी पिशवी, पिशवीत इंजेक्शनं,
डबा घेऊन शाळेला निघाल्यासारखी.

ओउलूच्या दवाखान्यात मेर्वी
काळ्या-करड्या पडद्यावर रेघ ओढते,
अस्तराच्या या काठापासून त्या काठापर्यंत.
"सहा पूर्णांक आठ. अजून थोडं हवं."
मला एकदम हसू फुटतं.
काय झालं? ती विचारते.
काही नाही. आमच्या घरात सगळे जाडीच मोजतात.

मग एकदाची पुरेशी झाली.
ठिपका आत सोडला. मेर्वीने बोट ठेवून दाखवला,
रात्री किनाऱ्यावरून दिसणाऱ्या बोटीच्या दिव्याएवढा.
आता चौदा दिवस.
जड उचलू नकोस, म्हणाले.
विचार करू नकोस, असंही म्हणाले.

मी दुकानात बसते. राईचा पाव, गळ, बॅटऱ्या विकते.
येणारा प्रत्येक जण विचारतो : रस्ता कधी?
दुसरं कोणी काही विचारत नाही.
हिल्का तेवढी सुटे पैसे घेताना
माझ्या हातावर हात ठेवते, जरा जास्तच वेळ.
तो झटकून टाकावासा वाटतो.
मग दिवसभर आठवत राहतो.

अकराव्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा सुटला.
बर्फावर पाणी चढलं.
तेराव्या रात्री ओटीपोटात ओळखीची कळ.
अंधारात मी तिला म्हटलं,
तू दुसरी कसली तरी हो.

चौदा दिवस गेले.
दिवस गेले नाहीत.

त्याच आठवड्यात तौनोने धक्क्यावर फलक लावला :
यंदा रस्ता नाही.
लोकांनी वाचलं, टोप्या कानांवर ओढल्या,
गाड्या फेरीच्या रांगेत लावल्या.
समुद्राला कोणी विचारलं नाही
तुझं काय चुकलं, काय खाल्लंस,
फार धावपळ केलीस का.

त्या रात्री साउनात आम्ही बोललो नाही.
तो तापल्या दगडांवर पाणी टाकत राहिला.
चेहरे ओले व्हायला तेवढं निमित्त पुरलं.
मग म्हणाला, "मला वाटलं होतं, मुलगी."
चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.
मी चिडले त्याच्यावर.
का, ते अजून कळलेलं नाही.

दवाखान्याच्या टाकीत आमचे दोन ठिपके आहेत अजून,
उणे एकशे शहाण्णव अंशांवर.
तिथे वारा पोचत नाही.
मेर्वीचा निरोप आलाय : मार्चमध्ये जमेल?
मी उत्तर दिलेलं नाही.

तौनो मात्र रोज पहाटे जातो.
रस्ता होणार नाही तर मोजायचं कशाला?
तो म्हणतो, "वहीत रकाना रिकामा राहतो."

आज पट्टी मी धरली.
बावीस.