शहात्तर की एकशेतीस

अंबडच्या कारखान्यात मी बेअरिंगच्या रिंगा तपासते.
सोळा वर्षं झाली. दोन मायक्रॉन जास्त: लाल पेटी.
दोन मायक्रॉन कमी: लाल पेटी.
म्हणून महात्मा गांधी रोडवर, चष्म्यांच्या दुकानाच्या माळ्यावर,
मुर्तझाभाईंनी दोन दुर्बिणी शेजारी शेजारी मांडल्या
आणि "बघा ताई, निवांत" म्हणाले,
तेव्हा माझा हात आधी पर्समध्ये गेला, व्हर्नियर शोधायला.

धाकटी शहात्तर मिलिमीटरची. साडेसहा हजार.
लाल, ढोलकीएवढी.
तनिष्काने ती उचललीसुद्धा, शेजारचं बाळ उचलावं तशी,
आणि मानेनेच सांगितलं, हीच.
थोरली एकशेतीसची. सव्वीस हजार.
नळी अर्धीच. पुढचं तोंड दोन दांड्यांवर सरकतं,
मध्ये नुसती हवा.
"ही अजून बनवतायत का?" तनिष्काने विचारलं.

जुन्या पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
आरशाच्या क्षेत्रफळाने उजेड जवळजवळ तिप्पट,
पैसे चौपट.
बोनस बावीस हजार,
त्यातले नऊ गिझरने नेलेले.

"धाकटीचा आरसा साधा गोलाचा तुकडा," मुर्तझाभाई म्हणाले,
"थोरलीचा पॅराबोला."
आवाज असा, की मुलाला चष्मा आहे
हे मुलीकडच्यांना हळूच सांगावं.
मला समजावावं लागलं नाही.
गोल सगळीकडे सारखाच वाकतो, म्हणून प्रामाणिक वाटतो,
आणि म्हणूनच सगळे किरण एका ठिकाणी आणू शकत नाही.
काठावरचे आधी पोचतात, मधले मागून.
आमच्या पहिल्या पाळीसारखं.

रात्री त्यांनी आम्हाला गच्चीवर बोलावलं.
शालिमारच्या दिशेला, एका बँकेच्या बोर्डावर, शनी.
धाकटीत तो कान फुटलेला शेंगदाणा.
भिंग बदलून मोठा केला तर पिठूळ झाला,
कडेला धूर.
थोरलीत गोळा वेगळा, कडं वेगळं,
आणि दोघांमध्ये काळी फट.
केसाएवढी.
फीलर गेज घालून मी रोज दोनशे फटी मोजते.
या एकीपुढे हात आपोआप पाठीमागे गेले.

दोष तिच्यातही होता. बोर्डाचा निळा उजेड
उघड्या कुशीतून आत शिरत होता.
"काळा कार्डपेपर गुंडाळा," मुर्तझाभाई म्हणाले, "दहा रुपयांचा."
आणि आवरता आवरता:
"टेबलावर ठेवायची असते ही. टेबल आहे ना घरी?"

टेबल.
पाथर्डी फाट्याच्या आमच्या दीड खोलीत ओटा आहे, पलंग आहे,
शिलाईचं मशीन आहे.
गच्चीपर्यंत त्यातलं मशीनच जाईल,
आणि ते तर हात लावला की नाचतं.

तेरा हजार रोख दिले, तेरा हप्त्यांनी.
खोकं मांडीवर घेऊन, स्कूटरवर,
मुंबई नाक्यापर्यंत तनिष्का एक शब्द बोलली नाही.
नाक्याच्या सिग्नलला म्हणाली, "जड आहे."
पुढे इंदिरानगरला: "पण मी धरते."

खालच्या गांगुर्डे मावशींनी इस्त्रीचं टेबल दिलं,
एक रात्र, परत आणून देण्याच्या बोलीवर.
एक पाय आखूड. दोन मिलिमीटर.
मायक्रॉन नव्हे, मिलिमीटर.
माझ्या हाती आलं असतं तर दारातूनच परत गेलं असतं.
पर्समध्ये नापास मालाचा एक अहवाल होता, चार घड्या घातलेला.
पायाखाली बरोबर बसला.

तनिष्का डोळा लावून किती तरी वेळ गप्प.
मग, "आई, तो पळतोय."
पळत नाही, म्हटलं. आपण सरकतोय.
"मग नळी ढकलू?"
ढकल. दोन बोटांनी.
जरा जास्त झालं तरी चालेल.