बदली तास

तिसऱ्या खेपेला टीईटी सुटली.
अप्पा बळवंत चौकात प्रमाणपत्र लॅमिनेट केलं,
कोपऱ्यात हवा राहिली.
"परत दाबू का?" दुकानदार म्हणाला.
म्हटलं, राहू दे.

आता पावणेसातला फोन वाजतो.
नाईकनवरे क्लार्क माझं नाव घेत नाहीत:
"पाचवी ब. गावडे बाईंचा गुडघा."
अर्धाच डबा भरून
मी अप्परहून बस धरते.

खुर्चीवर गावडे बाईंची उशी.
मी उभीच.
फळ्यावर त्यांचं कालचं अक्षर,
अपूर्णांकांची बेरीज, बरोबरच्या चिन्हाशी थांबलेली.
डस्टर उचलते, ठेवून देते.
तिथूनच पुढे लिहायला घेते
तर माझा तीन त्यांच्या तीनसारखा येत नाही.

"तुम्ही खऱ्या बाई आहात का?"
तिसऱ्या बाकावरची श्रावस्ती.
वर्ग हसायच्या बेतात.
प्रमाणपत्र पिशवीत आहे, रोज असतं.
काढत नाही.
"तासापुरती," म्हणते.

ती मान डोलावते, उत्तर बरोबर आल्यासारखी,
आणि वही घेऊन टेबलाशी येते. हळूच:
"मग छेद सारखे कसे करतात, परत सांगा ना.
त्यांना विचारायची लाज वाटते."

मस्टरवर माझी सही पेन्सिलनं.
नाईकनवरे म्हणतात, उद्याचं उद्या सांगतो.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळते.
बाईंचा गुडघा बरा होवो, असं मनापासून म्हणते,
फक्त शुक्रवारपर्यंत नको.
श्रावस्तीचे छेद राहिलेत अजून.